औषधाच्या गुणाचा हिशेब : भायखळ्यापासून चिंचोळीपर्यंत

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हणजे मूळ पुरुष, कुलदैवत, पूर्वजांचे स्थलांतर आणि वसतिगृहाची स्थापना ह्यांविषयी लिहावयाचे, असा एक संकेत पडून गेला आहे. मागील अंकांतून हे विषय जाणकारांनी उत्तम प्रकारे हाताळलेले असल्यामुळे त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाही. ह्या खेपेस आम्ही एका निराळ्याच इतिहासाकडे ज्ञातिबांधवांचे व विशेषतः भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. अमुक औषधाने अमुक रोग बरा होतो असे कोणी सांगितले, तर ते खरे की खोटे हे ठरवावयाचे कसे, ही विद्या आपल्या प्रांतात कशी आली, तिच्या वाटेत कोणत्या अडचणी आल्या, आणि ती आपल्या घराच्या उंबरठ्याआड अद्यापि पुरती का शिरलेली नाही, असा हा इतिहास आहे.

हा विषय सुचण्याचे कारण फार दूरचे नाही. आपल्या ह्याच स्मरणिकेच्या मागील एका अंकात अर्ध्या पानाची एक जाहिरात छापली गेली होती. नव्वद दिवसांत मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद, असा तिचा मजकूर होता. जाहिरात देणाऱ्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या जाहिरातीचे पुढे काय झाले ते योग्य स्थळी येईलच. तत्पूर्वी वाचकांनी आमच्याबरोबर सव्वाशे वर्षे मागे यावे, अशी विनंती आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची पहिली चाहूल लागली. डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी तो रोग ओळखला. पाहता पाहता मुंबई ओस पडू लागली आणि आगगाडीने माणसांबरोबर रोगही घाटावर आणला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, आजारी माणसे ओढून नेली, सामानसुमान जाळले. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली जाण्यात झाली, हे शाळेच्या पुस्तकातून सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांचा प्लेगने अंत झाला. सोलापूरही सुटले नाही. गिरण्यांची दाट वस्ती आणि मोठे रेल्वे स्थानक असलेले हे गाव सुटणार तरी कसे? उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, ही चाल ह्या मुलखात तेव्हापासून पडली.

लोकांचा सरकारवर विश्वास नव्हता, आणि तो नसावा ह्यास पुरेशी कारणे होती. ज्या सरकारचे शिपाई बूट घालून देवघरात शिरतात त्याच सरकारचा डॉक्टर सुई घेऊन आला, तर ती सुई हिताची आहे हे माणसाने कशावरून मानावे? इस्पितळात नेऊन माणसांचे तेल काढतात अशा कंड्या मुंबईत उठल्या होत्या. आज आपण त्यांना हसतो. पण ज्यांनी त्या उठविल्या त्यांना वेड लागले नव्हते, ते भ्यालेले होते, एवढे तरी आपण समजून घ्यावयास हवे.

अशा काळात वॉल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत काम करीत होता. हा १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी ज्यू कुटुंबात जन्मलेला, आणि पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत तयार झालेला. १८९३ पासून तो हिंदुस्थानात पटकीची लस टोचीत फिरत होता. प्लेग सुरू होताच सरकारने त्याला मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एका लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांनिशी, त्याने प्लेगची लस सिद्ध केली. मांसरसाने भरलेल्या चंबूत त्याने तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या तुपाच्या आधाराने प्लेगचे जंतू झुंबराच्या लोलकांप्रमाणे खाली वाढत येत. मग तो रस तापवून जंतू मारावयाचे आणि त्यांची लस करावयाची. आपल्या स्वयंपाकघरातील तूप जगातील पहिल्या प्लेगच्या लशीस उपयोगी पडले, ही गोष्ट आमच्या भगिनींस मौजेची वाटेल. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यास सडकून ताप भरला, पण तो बरा झाला.

आता खरा मुद्दा येतो. स्वतःस टोचून तो जगला ह्यावरून काय सिद्ध झाले? लस मारीत नाही एवढेच. ती तारते हे कोठे सिद्ध झाले? त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने कैद्यांना विचारले आणि जे तयार झाले त्यांना लस टोचली. टोचून घेतलेले सुमारे दीडशे होते, न टोचलेले सुमारे पावणेदोनशे. सर्वजण एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणारे. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांस प्लेग झाला व सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला व एकही दगावला नाही.

शाळेत हे आकडे मुलांपुढे फळ्यावर मांडून आम्ही एक प्रश्न विचारीत असू. तोच येथे विचारतो. समजा, त्या न टोचलेल्या पावणेदोनशे कैद्यांना एखाद्या बुवाने अंगारा दिला असता, तर काय झाले असते? बारा सोडून बाकी सर्व, म्हणजे एकशे साठांवर माणसे, प्लेगपासून दूर राहिली होती. ती सारी अंगाऱ्याने वाचली असे बुवाने सांगितले असते. आजारी पडलेल्या बारांपैकी सहा जगले, तेही त्याच्याच खात्यात जमा झाले असते. एकशे सहासष्ट जिवंत माणसे शपथेवर साक्ष देण्यास तयार! आणि त्यांतील एकही खोटे बोलत नसता. त्याने अंगारा लावला हे खरे, तो जगला हेही खरे. पण अंगाऱ्याने जगला हे मात्र खरे नव्हे, आणि हे आपल्याला कळते ते शेजारी दुसरी रांग उभी आहे म्हणून. ती रांग नसती तर जगातला कितीही विद्वान मनुष्य अंगाऱ्याचा दावा खोडू शकला नसता. जाहिरातीतील प्रशस्तिपत्रे ही नेहमी एकाच रांगेची असतात. शिवाय मेलेला मनुष्य प्रशस्तिपत्र लिहावयास येत नाही, हेही विसरून चालणार नाही.

चाणाक्ष वाचक म्हणेल की तुरुंगातील प्रयोगातही खोट आहे. जे आपखुशीने पुढे आले ते मुळात धट्टेकट्टे असतील, आणि मागे राहिले ते अशक्त. शंका अगदी रास्त आहे. (शिवाय तुरुंगातील माणसाची संमती कितपत आपखुशीची, हाही प्रश्न उरतोच.) पुढल्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोदे संस्थानातील उंडेरा गावी ह्या शंकेचे उत्तर शोधण्यात आले. सुमारे साडेनऊशे वस्तीच्या त्या गावात प्लेग सुरू झालेला होता. तेथे घराघरांतून माणसे उभी करून प्रत्येक घरातील जवळजवळ निम्म्यांस लस टोचण्यात आली आणि निम्मी तशीच ठेवण्यात आली. एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर! पुढे गावातील अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांत टोचलेली ७१ माणसे होती, त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती, त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. आम्ही हे आकडे पहिल्या प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ त्या पानावरून नजर हलली नाही. निम्म्यांस लस न देणे हे निष्ठुरपणाचे होते काय? आज तसे करण्यापूर्वी नीतिविषयक समितीची परवानगी घ्यावी लागेल. परंतु त्या सव्वीस माणसांच्या मरणातून जे कळले ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या स्वच्छपणे कळले नसते. लस सर्वांस वाचवीत नाही हेही त्याच आकड्यांनी सांगितले. तीन टोचलेली माणसे मेली ती लपविण्यात आली नाहीत. जो दावा आपले मेलेलेही मोजून दाखवितो त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवावा, असे आम्हांस वाटते.

इतके सिद्ध होऊनही लोकांनी लस सहजासहजी स्वीकारली नाही, आणि त्यातच १९०२ साली घात झाला. ३० ऑक्टोबर रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ माणसांस लस टोचण्यात आली. त्यांतील एका बाटलीतून ज्यांना टोचले गेले ती १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्यास कामावरून दूर करण्यात आले, आणि तो अपमानित होऊन युरोपात परतला. पुढे असे निष्पन्न झाले की बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो हे आता शाळकरी पोरही जाणते. मलेरियावरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञ ह्यांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीरपणे हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा त्याच वर्षी तो निर्दोष ठरला. पाच वर्षे गेली. मुंबईतील परळच्या संस्थेस १९२५ साली हाफकिनचे नाव दिले गेले. लस निर्दोष होती, पण ती हाताळणारा हात चुकला. म्हणजे औषधाच्या गुणाचा हिशेब एकदा करून भागत नाही. प्रत्येक बाटलीचा निराळा हिशेब ठेवावा लागतो. हा धडा पुढे चिंचोळीच्या संदर्भात आपल्या कामी येणार आहे.

प्लेगच्या भयाबरोबर दुसरेही एक पीक वाढले, ते जाहिरातींचे. जुनी मासिके व पंचांगे ज्यांनी चाळली आहेत त्यांना पाठीमागील पाने आठवतील. शक्तिवर्धक गोळ्या, सर्व रोगांवर एकच अर्क, संतति देणारा ताईत, गेलेली दृष्टी परत आणणारे अंजन! १९३० साली सर रामनाथ चोप्रा ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने औषधांची चौकशी करणारी समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून १९४० चा औषधांचा कायदा निघाला. त्याने औषध कसे असावे हे सांगितले. औषधाविषयी काय बोलावे हे मात्र मोकळेच राहिले. ते बांधून टाकणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, संसदेने केला. औषधे व जादूचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा हा कायदा १ एप्रिल १९५५ पासून अमलात आला आणि तो आजही लागू आहे.

ह्या कायद्याच्या परिशिष्टात रोगांची यादी दिली आहे. तीत चोपन्न नावे आहेत. मधुमेह आहे, कर्करोग आहे, अर्धांग आहे, कोड आहे, मोतीबिंदू आहे, प्लेग आहे, इतकेच काय, माणसाची उंची हीदेखील आहे. ह्यांपैकी काहीही आपल्या औषधाने बरे होते वा टळते अशी जाहिरात करण्यास ह्या कायद्याने बंदी आहे. मंत्र, कवच, ताईत ह्यांच्या तशा जाहिरातीसही बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता वाचकांनी जरा सावध होऊन पुढचे वाचावे. कायद्याचे शब्द केवळ औषध विकणाऱ्यापुरते नाहीत. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही भाग घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातीलच असे नव्हे, तर सूचना, परिपत्रक, चिठ्ठी, वेष्टन हे सर्व त्यात मोडते. तेव्हा मधुमेह बरा करणारी अर्ध्या पानाची जाहिरात छापणारी स्मरणिकाही त्यातून सुटत नाही. आम्ही वकील नाही, परंतु इतकी साधी भाषा समजण्यास वकिलाची गरज पडू नये.

ह्या कायद्याविरुद्ध काही औषधवाले सर्वोच्च न्यायालयात गेले होते. भाषणस्वातंत्र्याचा संकोच होतो, ही त्यांची तक्रार. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याचा तो खटला प्रसिद्ध आहे. न्यायालयाने १८ डिसेंबर १९५९ रोजी निकाल दिला. अशा प्रकारची व्यापारी जाहिरात म्हणजे घटनेने रक्षिलेले मतस्वातंत्र्य नव्हे असे सांगून न्यायालयाने कायद्याचे मुख्य अंग उचलून धरले. मात्र सरकारला यादी हवी तशी वाढविण्याची मुभा देणारे शब्द व जप्तीचे अमर्याद अधिकार काढून टाकले. त्यानुसार संसदेने १९६३ साली दुरुस्ती केली. ह्यात आम्हांस एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी वाटते. न्यायालयाने सरकारचीही मर्यादा दाखविली. पुण्यात घरे झडणारे सरकार आणि हे, ह्यांत हाच तर फरक आहे. असो. ह्याच कायद्याचा प्रश्न २०२४ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गाजला आणि एका मोठ्या कंपनीच्या चालकांस जाहीर क्षमा मागावी लागली, हे वृत्तपत्र वाचणाऱ्यांच्या स्मरणात असेलच.

येथवर वाचून कोणी असे समजेल की आम्ही देशी औषधांच्या विरुद्ध व डॉक्टरी औषधांच्या बाजूने वकीलपत्र घेतले आहे. तसे मुळीच नाही. सचोटीचा वैद्य जाहिरात करीत नाही, आणि रोग्याने चालू ठेवावयाची गोळी बंद करावयास सांगण्याचे धाडस तर सहसा करीत नाही. उलट, इंग्रजी छापाची बाटली म्हणजे निर्धोक, असा भोळा समज बाळगणाऱ्यांनी १९८६ सालची मुंबईतील जे. जे. रुग्णालयाची हकीकत वाचावी. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तेथे दाखल झालेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून मेले. त्यांना औषध म्हणून ग्लिसरीन देण्यात आले होते. बाटलीवर नाव ग्लिसरीनचेच होते, पण आत डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे विष मिसळलेले होते. हा पदार्थ दिसावयास तसाच, चवीस गोड, आणि किमतीने स्वस्त. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत साऱ्या साखळीचे वाभाडे काढले. ह्याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे मेली होती. ह्याच विषाने २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक कोवळी मुले गेली. बाटलीवरील चिठ्ठी हाही एक दावाच आहे. तोही कोणीतरी तपासावा लागतो.

तो कसा तपासतात हे पाहावयास आपल्याला मुंबईस जाण्याचे कारण नाही. सोलापूर-पुणे हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. आपल्या समाजाची मागील पिढी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावीत असे. आजची तरुण मंडळी चिंचोळीच्या पाळीची गाडी पकडण्यासाठी पहाटे नाक्यावर उभी असते. त्या वसाहतीत कापडाचे, रसायनांचे, औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने आहेत. औषधाच्या कारखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही ज्ञातिबांधवास विचारा. बाहेरून आलेल्या ड्रमवर प्रथम पिवळी चिठ्ठी लागते, म्हणजे तपासणी बाकी. प्रयोगशाळेने नमुना घेऊन पसंत केला तर हिरवी. नापसंत झाला तर तांबडी, आणि तो ड्रम निराळ्या कुलपात. प्रत्येक बॅचला नंबर असतो, नमुना राखून ठेवतात, वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने छेदून बाजूस सही व तारीख घालावी लागते. (आमच्या विद्यार्थ्यांनी हे शाळेतच शिकावे म्हणून आम्ही किती कंठशोष केला होता!) ही सारी शिस्त मुल्कोवालच्या त्या एका बाटलीच्या व ग्लिसरीनच्या त्या चौदा बळींच्या जातीच्या अनेक अपघातांतून निर्माण झालेली आहे. शिस्त नसेल तर तीच भांडी व तीच रसायने काय करतात हेही चिंचोळीने पाहिले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच वसाहतीत मेफेड्रोन ह्या अमली पदार्थाचा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला होता.

मधुमेहावर जगात सर्वाधिक दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिनची. तिचा सोलापूरशी संबंध आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल. डायमिथिल अमीन हायड्रोक्लोराइड नावाचे रसायन तिच्यासाठी लागते. ते आपल्या सोलापूरच्या परिसरात तयार होते, आणि मेटफॉर्मिनही होते. ह्या गोळीचे मूळ वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाचे एक झुडूप पूर्वापार औषधी मानले जात असे. त्यातील द्रव्याचा माग काढता काढता हे रसायन हाती लागले, आणि १९५७ साली जाँ स्टर्न ह्या फ्रेंच वैद्याने ते मधुमेहावर उपयोगी असल्याचे प्रसिद्ध केले. पण तेवढ्याने जग थांबले नाही. इंग्लंडात १९७७ साली नव्याने मधुमेह जडलेल्या रुग्णांची मोठी पाहणी सुरू झाली, ती वीस वर्षे चालली. तीत स्थूल रुग्णांपैकी ३४२ जणांस मेटफॉर्मिन व ४११ जणांस केवळ पथ्याचा मार्ग, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करण्यात आली. १९९८ साली हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा मेटफॉर्मिनच्या रांगेत मृत्यूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी भरले. वाचकांनी ओळखले असेलच, हे उंडेरा गावच होय, फक्त मोठे व अधिक सावधपणे मांडलेले. तरीही तपासणी संपली नाही. २०२० साली अमेरिकेत मेटफॉर्मिनच्या काही गोळ्यांत एक घातक अशुद्धी ठरविलेल्या मर्यादेहून अधिक सापडल्याने त्या परत घ्यावयास लावण्यात आल्या.

एकीकडे हे असे वीस वर्षांचे हिशेब, आणि दुसरीकडे नव्वद दिवसांची जाहिरात. ह्या दोहोंत आपली माणसे दुसरीकडे का वळतात? आम्हांस वाटते, ते केवळ अज्ञानामुळे नव्हे. गोळी जन्मभर घ्यावी लागेल असे डॉक्टर दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. भुकटीवाला घरी येतो, चहा घेतो, आईची चौकशी करतो, आणि बरे होण्याची आशा देतो. आशा विकत मिळत असेल तर माणूस किंमत पाहत नाही. शिवाय भुकटीबरोबर भात, साखर व बटाटा बंद करावयास तो सांगतो. साखर काही दिवस उतरतेही, पण उतरते ती पथ्याने. कित्येकदा तर अशा भुकट्यांत डॉक्टरी गोळ्याच कुटून घातलेल्या असतात, सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड असते, असे निरनिराळ्या ठिकाणच्या तपासण्यांत आढळून आलेले आहे. म्हणजे गुण येतो तो ज्या गोळीची निंदा केली तिचाच, आणि तोही मात्रेचा पत्ता नसताना.

आपल्या समाजातील एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, येथे सांगतो. हे गृहस्थ चिंचोळीस एका औषधांच्या कारखान्यात माल चढविण्याच्या खात्यात आहेत. बारा वर्षांचा मधुमेह. स्मरणिकेतील ती जाहिरात वाचून त्यांनी भुकटी मागविली व गोळ्या सोडल्या. आपल्या संस्थेच्या पुस्तकात छापले आहे म्हणजे संस्थेने पाहिलेच असेल, असे त्यांना वाटले. हे वाक्य त्यांचे आहे आणि ते आम्हांस अद्यापि टोचते. पहिला महिना बरा गेला. पुढे पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, आणि सात-आठ महिन्यांनी अंगठा व शेजारचे बोट काढावे लागले. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने भुकटीचा डबा फडताळातून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारले, “अहो, असा बिनचिठ्ठीचा ड्रम तुम्ही कारखान्यात गाडीवर चढू दिला असता का?” डब्यावर बॅच नंबर नव्हता, तारीख नव्हती, बनविणाऱ्याचा पत्ता नव्हता. गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी चौथी शिकलेल्या आहेत.

त्या माउलीच्या प्रश्नात हाफकिनपासून लेंटिनपर्यंतचा सारा इतिहास आला आहे, असे आम्ही समजतो. कोणी औषध घेऊन आला तर त्यास आदराने बसवावे, पाणी द्यावे, आणि विचारावे : किती जणांस दिले? तशाच किती जणांस दिले नाही? त्यांचे काय झाले? ज्यांना गुण आला नाही त्यांची वही कोठे आहे? आत काय आहे, आणि ते कोणी तपासले? चालू गोळी सोडावयास सांगत असाल तर तसे सहीनिशी लिहून द्याल काय? हेच प्रश्न मोठ्या इस्पितळातील डॉक्टरासही नम्रपणे विचारता येतात. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. गोळी का द्यावयाची, तिचा त्रास काय, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केव्हा करावयाची, हे तो समजावून सांगतो. जो रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाण्यापूर्वी विचार करावा. आपल्या घरात इन्सुलिनवर असलेले मूल असेल तर त्याचे इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही थांबवू नये. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो शहरी पहिल्या मुलास इन्सुलिन टोचले गेले, त्यापूर्वी अशी मुले वाचत नसत.

आता त्या जाहिरातीचे पुढे काय झाले ते सांगतो. संस्थेच्या आगामी सर्वसाधारण सभेपुढे मांडण्यासाठी आम्ही एक ठराव कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. १९५४ च्या कायद्याच्या यादीतील कोणताही रोग बरा करण्याची जाहिरात स्मरणिकेने, संस्थेच्या पत्रकांनी वा मेळाव्यातील दुकानांनी घेऊ नये, मग ती कोणत्याही पॅथीची असो, असा त्याचा आशय आहे. ठरावावर अनुमोदक म्हणून चिंचोळीत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दोन तरुणांच्या सह्या आहेत, आणि तिसरी सही वर उल्लेखिलेल्या गृहस्थांची आहे. अर्ध्या पानाचे उत्पन्न बुडेल आणि वसतिगृहाच्या निधीत तेवढी तूट येईल, असा आक्षेप खजिनदारांनी घेतला. तो अगदी योग्य आहे, कारण पैसा जमविणे किती कठीण हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? त्यावर चिंचोळीच्या मंडळींनी आपसांत वर्गणी काढून ते अर्धे पान ह्या वर्षापुरते स्वतःच विकत घेतले आहे. त्यावर काय छापावयाचे ह्याविषयी दोन मते पडली. कोणी म्हणतात अभिनंदनाचा मजकूर द्यावा. आम्ही उंडेरा गावचे सहा आकडे तक्ता करून छापावेत असे सुचविले आहे. संपादक मंडळाचा निर्णय हा लेख छापखान्यात जाईपर्यंत आम्हांस कळलेला नव्हता.